घरच्या स्टुडिओसाठी परवडणारा माइक प्रीअँप : कोकणातल्या हवेत आणि विजेत टिकेल असा

माइकमधून येणारा सिग्नल जेमतेम एक-दोन मिलिव्होल्टचा असतो. तो कॉम्प्युटरला कळेल इतका मोठा करायचं काम प्रीअँप करतो. या वाढवण्याला गेन म्हणतात. ६० डेसिबल गेन म्हणजे हजार पट. सिग्नलसोबत प्रीअँपचा स्वतःचा सूंसूं आवाजही वाढतो, आणि या खरेदीतला बहुतेक गोंधळ त्याच्याभोवतीच आहे.

तुमच्याकडे यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत साउंड कार्ड, असेल तर प्रीअँप त्यात आहेच. म्हणून आधी विचारायचा प्रश्न असा : आहे तो कमी पडतो का, आणि पडत असेल तर नेमका किती डेसिबलने? याचं उत्तर कागदावर पाच मिनिटांत निघतं. ते न काढता दहा-पंधरा हजारांचा वेगळा डबा घेणारे बरेच असतात. नंतर कळतं की सूंसूं प्रीअँपची नव्हती, डोक्यावरच्या पंख्याची होती.

गेनचं गणित

तीन आकडे लागतात : माइकची सेन्सिटिव्हिटी, तोंडापाशी किंवा वाद्यापाशी आवाज किती मोठा आहे ते, आणि इंटरफेसची कमीत कमी गेनवर झेपणारी कमाल इनपुट पातळी. पहिला आणि तिसरा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात मिळतो. मधला अंदाजाने धरायचा.

साधं बोलणं एक मीटरवरून साधारण ६० डेसिबल भरतं. अंतर निम्मं झालं की ६ डेसिबल वाढतात, त्यामुळे १० सेंटिमीटरवर तेच बोलणं ८० च्या घरात जातं. भजनातला बुवा खुल्या आवाजात गाताना त्याच अंतरावर १०४ सहज ओलांडतो. पखवाजाच्या जवळ लावलेल्या माइकवर ११५ धरा, थापेचं टोक त्याच्याही वर जातं.

माइकची सेन्सिटिव्हिटी ९४ डेसिबल आवाजाला मोजतात. शुअर एसएम५८ हा डायनॅमिक, म्हणजे बाहेरून वीज न लागणारा, माइक त्या आवाजाला १.८५ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे सुमारे -५२ डीबीयू (०.७७५ व्होल्टला शून्य धरून मोजलेली सिग्नलची पातळी). त्याच जातीचा एसएम७बी १.१२ मिलिव्होल्ट, म्हणजे -५७. रोड एनटी१-ए हा कंडेन्सर, म्हणजे विजेवर चालणारा माइक, २५ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे -३०. एसएम७बी आणि एनटी१-ए यांच्यात २७ डेसिबलचा फरक आहे. कुठल्याही महागड्या प्रीअँपने पडणाऱ्या फरकापेक्षा हा मोठा आहे, म्हणून माइक कोणता ते ठरल्याशिवाय प्रीअँप ठरवू नका.

आता उदाहरण. कथावाचन करायचं आहे, माइक एसएम७बी, तोंडापासून १० सेंटिमीटर. आवाज ८० डेसिबल, म्हणजे ९४ पेक्षा १४ कमी. सिग्नल झाला -५७ वजा १४, म्हणजे -७१ डीबीयू. रेकॉर्डिंगमध्ये सरासरी पातळी -१८ डीबीएफएसच्या (मीटरच्या वरच्या टोकाला शून्य धरून मोजलेली पातळी) आसपास हवी. फोकसराइट स्कार्लेट २आय२ च्या तिसऱ्या पिढीची कमाल इनपुट पातळी ९ डीबीयू आणि गेन ५६ डेसिबल. गेन पूर्ण फिरवल्यावर ९ वजा ५६, म्हणजे -४७ डीबीयूचा सिग्नल मीटरच्या शून्याला टेकतो. आपला -७१ त्याच्या २४ खाली, म्हणजे -२४ डीबीएफएसवर दिसणार. सहा डेसिबल कमी पडले.

त्याच इंटरफेसच्या चौथ्या पिढीचा गेन ६९ डेसिबल आहे. जाहिरातीत वाचलं की वाटतं, तेरा डेसिबल जास्त मिळाले. पण तिची कमाल इनपुट पातळी १६ डीबीयू आहे. १६ वजा ६९ म्हणजे -५३. -४७ शी ताडून पाहिलं तर प्रत्यक्षात वाढले सहाच. नुसता गेनचा आकडा पाहून दोन यंत्रांची तुलना करू नये ती यामुळे. कमाल इनपुट पातळीतून गेन वजा करा आणि येणारे आकडे एकमेकांशेजारी ठेवा.

तरी त्या कमी पडलेल्या सहा डेसिबलसाठी यंत्र बदलायची गरज नाही. २४ बिटमध्ये -२४ वर रेकॉर्ड झालेलं बोलणं सॉफ्टवेअरमध्ये ६ डेसिबल वर घेतलं तर जवळजवळ काहीच बिघडत नाही. फुकट मिळणारे डेसिबल वेगळेच आहेत : वाचणारा २० सेंटिमीटरवर बसला असेल तर त्याला १० वर आणा. आवाज ६ डेसिबल वाढतो, आणि खोलीचा गोंगाट आहे तिथेच राहतो. तोंडासमोर पॉप फिल्टर मात्र लावा, नाहीतर प, फ, भ आले की फटाके फुटतात.

बुवाचं गणित याच रीतीने करून पाहा. एसएम५८, १०४ डेसिबल, सिग्नल -४२ डीबीयू. तिसऱ्या पिढीच्या त्याच इंटरफेसवर ९ अधिक ४२ वजा १८, म्हणजे ३३ डेसिबल गेन पुरतो. ५६ पैकी २३ शिल्लक. इथे जास्त गेनचा प्रीअँप घेणं म्हणजे नारळ सोलायला कुऱ्हाड. पखवाजावर एनटी१-ए लावला तर सिग्नल आधीच -९ डीबीयू असतो, तिथे गेन जवळजवळ शून्यावर ठेवावा लागतो. अशा वेळी कमाल इनपुट पातळी जास्त असलेलं यंत्र उपयोगी पडतं.

ईआयएन नावाचा आकडा

प्रीअँपची स्वतःची सूंसूं मोजतात त्या आकड्याला ईआयएन म्हणतात. जितका जास्त उणे तितका चांगला. याला निसर्गाचीच एक मर्यादा आहे : १५० ओहमच्या साध्या रेझिस्टरमधून सामान्य तापमानाला, २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, जो नॉइज आपोआप निघतो तो -१३१ डीबीयूच्या जवळ येतो. म्हणून -१२८ चा प्रीअँप जवळजवळ टोकाला पोचलेला असतो. स्कार्लेटची तिसरी पिढी -१२८, चौथी -१२७, मोटू एम२ ची -१२९. या तिघांतला फरक तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येणार नाही. -१२८ आणि -११८ मधला मात्र येतो, तोही डायनॅमिक माइक आणि हळू बोलणं असेल तेव्हाच.

आकडे लिहिण्यात चलाखी असते. ए-वेटेड मोजमाप, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे स्वर कमी धरून केलेलं, साध्यापेक्षा दोनेक डेसिबल चांगलं दिसतं. डीबीव्हीमध्ये (एक व्होल्टला शून्य धरून) लिहिलं तर आणखी २.२ डेसिबल चांगलं दिसतं. इनपुट शॉर्ट करून मोजलं तर वर सांगितलेली निसर्गाची मर्यादाही ओलांडल्यासारखी दिसते. माहितीपत्रकात '१५० ओहम, कमाल गेन, ए-वेटेड, डीबीयू' असं स्पष्ट असेल तरच तुलना करा.

आता हा आकडा खोलीशी ताडून पाहा. दारं-खिडक्या बंद केलेली बरीच शांत खोली ३० डेसिबल भरते. एसएम५८ मधून तो गोंगाट -११६ डीबीयू होऊन येतो. -१२८ चा प्रीअँप त्याच्या १२ डेसिबल खाली आहे. रात्री बाहेर रातकिडे आणि बेडूक, आत पंखा, अशी खोली ४० च्या वर जाते, मग अंतर २२ होतं. किनाऱ्याजवळच्या घरात समुद्राची गाजही असते, आणि ती खालच्या स्वरांत असल्याने भिंतींना फारशी जुमानत नाही. तुमची खोली प्रीअँपपेक्षा दसपट बोलकी असताना -१२७ की -१२९ यावर डोकं लावण्यात वेळ जातो फक्त. गाजेसाठी ८० हर्ट्झचा लो-कट, म्हणजे त्याखालचे स्वर कापणारा फिल्टर, लावा. प्रीअँपवर बटण असेल तर तिथेच, नसेल तर नंतर सॉफ्टवेअरमध्ये.

कंडेन्सर वापरणाऱ्यांना तर ईआयएनची काळजी त्याहून कमी. एटी२०२० चा स्वतःचा नॉइज २० डेसिबल, म्हणजे प्रीअँपच्या तोंडाशी सुमारे -१०९ डीबीयू. स्वस्तातला स्वस्त बरा प्रीअँपसुद्धा त्याच्या खाली राहतो.

बूस्टर घ्यावा का

माइक आणि इंटरफेसच्या मध्ये लावायचे छोटे बूस्टर मिळतात. ट्रायटन फेटहेड २७ डेसिबल देतो, क्लाउडलिफ्टर सीएल-१ जास्तीत जास्त २५, एसई डायनामाइट डीएम१ २८. तिघांनाही फँटम, म्हणजे इंटरफेसकडून माइकच्या केबलमधूनच येणारी ४८ व्होल्टची वीज, लागतो. साध्या मॉडेलमधून तो माइकपर्यंत पुढे जात नाही, त्यामुळे डायनॅमिक आणि रिबन माइक त्यांच्यामागे बिनधास्त लावता येतो, कंडेन्सर चालणार नाही.

जुना किंवा अगदी स्वस्त इंटरफेस असेल, पूर्ण गेनवर स्पष्ट सूंसूं येत असेल आणि माइक एसएम७बीसारखा मंद असेल, तर बूस्टरने मोठा फरक पडतो. इंटरफेस आधीच -१२७-१२८ चा असेल तर बूस्टरने मीटर वर जाईल, पण सूंसूं फारशी कमी होणार नाही. त्या पैशांत खोलीला दोन जाड गाद्या आणि एक बरा स्टँड येतो.

ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओत असायची तशी काचेची नळी, असलेले स्वस्त प्रीअँप हा आणखी एक मोह. आर्ट ट्यूब एमपीसारख्या डब्यात १२एएक्स७ ट्यूब असते, पण तिला मोठ्या ट्यूब यंत्रांसारखे दोनअडीचशे व्होल्ट मिळत नाहीत, बऱ्याच कमी व्होल्टेजवर ती चालवली जाते. तिचा रंग आवडत असेल तर जरूर घ्या, सूंसूं कमी होईल म्हणून घेऊ नका.

फँटम आणि यूएसबीची वीज

कंडेन्सरला ४८ व्होल्ट फँटम लागतो. नियमाप्रमाणे चार व्होल्ट इकडे-तिकडे चालतं, आणि तो दोन ६.८१ किलोओहमच्या रेझिस्टरमधून एक्सएलआरच्या, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या गोल जोडणीच्या, पिन २ व ३ ला जातो. मल्टिमीटर डीसीवर ठेवून पिन १ आणि २, मग पिन १ आणि ३ मध्ये मोजा. ४४ ते ५२ च्या मध्ये हवं आणि दोन्हीकडे सारखं हवं. एकीकडे कमी आलं तर आतला रेझिस्टर किंवा सोल्डर गेलेला आहे.

नुसतं व्होल्टेज पुरत नाही, दमही हवा. मीटर मिलिअँपिअरवर ठेवा आणि पिन १ व २ मध्ये क्षणभर लावा. ७ मिलिअँपिअरच्या आसपास यायला हवेत. चारच आले तर दोन कंडेन्सर एकदम लावल्यावर हा डबा हात टेकणार.

यूएसबी २.० ची वीज ५ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट. त्यातच दोन फँटम, हेडफोन आणि कन्व्हर्टर भागवायचे. जुन्या लॅपटॉपच्या सैल पोर्टवर, किंवा फोनला ओटीजीने जोडल्यावर, मधेच इंटरफेस गायब होतो किंवा टिकटिक येऊ लागते. उपाय : स्वतःचा अडॅप्टर असलेला हब, किंवा जाड आणि एक मीटरच्या आतली केबल.

तरी कोकणात यूएसबीवर चालणारा इंटरफेस घेण्याकडेच कल ठेवावा. वादळवाऱ्यात लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर टेक पूर्ण होतो. अडॅप्टरवर चालणाऱ्या यंत्राला इन्व्हर्टर लागतो, आणि तो साइनवेव्ह नसून स्क्वेअरवेव्ह असेल तर प्रीअँपमध्ये एक खरखरीत गुंजन कायमचं बसतं. इन्व्हर्टर घ्यायचाच असेल तर प्युअर साइनवेव्ह घ्या.

अर्थिंग

घूं-घूं आवाजाचं मूळ अनेकदा भिंतीत असतं. जांभ्याच्या कातळावर बांधलेल्या घराला अर्थिंगचा खड्डा पुरेसा खोल जात नाही, आणि मार्च ते मे तो कोरडा पडतो. मग पावसाळ्यात गप्प असलेला इंटरफेस उन्हाळ्यात घूंघूं करू लागतो आणि लोक यंत्र दुरुस्तीला पाठवतात. आधी सॉकेटवर मोजा : फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखे, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. मीटरवर ठीक दिसलं तरी एकदा परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरने तपासून घ्या. कोळसा-मिठाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात नियमित पाणी ओतावं. आणि घूंघूं जावी म्हणून तीन पिनांतली अर्थची पिन कधीही कापू नका. आवाज गेला तरी त्यानंतर माइकच्या धातूच्या जाळीला ओठ लावणाऱ्याच्या जिवाशी खेळ होतो.

कारण शोधायचा क्रम असा. लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज गेला तर चार्जर दोषी, टेक बॅटरीवर घ्या. नाही गेला तर माइकची केबल काढा. तरीही आला तर इंटरफेस किंवा त्याचा अडॅप्टर. केबल काढल्यावर गेला तर केबल बदलून पाहा, मग माइक. सलग खोल घूं ५० हर्ट्झची असते, ती बहुधा अर्थ किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरमुळे. दातेरी, झणझणीत आवाज १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटींत असतो, तो पॉवर सप्लाय, डिमर किंवा स्वस्त एलईडी दिव्याकडून येतो.

काय घ्यावं

एकटा आवाज, पेटी-आवाज, किंवा गिटार-आवाज असेल तर दोन चॅनलचा यूएसबी इंटरफेस, दहा ते वीस हजारांच्या पट्ट्यातला. स्कार्लेट २आय२ किंवा मोटू एम२. याहून कमी बजेट असेल तर बेहरिंगर यूएमसी२०२एचडी, त्याच्या प्रीअँपची रचना मायडासची आहे. याशिवाय वेगळा प्रीअँप लागत नाही.

भजनी मंडळ किंवा जाखडी रेकॉर्ड करायची तर चॅनल मोजा. बुवा एक, पेटी एक, पखवाजाच्या दोन तोंडांना दोन, झांज-टाळ आणि कोरस मिळून एक किंवा दोन. सहा झाले. दोन चॅनलचे तीन इंटरफेस एकत्र जोडायचा खटाटोप करू नका, त्यांची घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत आणि दहा मिनिटांच्या गजरात ताल सरकलेला दिसतो. दोन रस्ते आहेत. तुमच्या इंटरफेसला ऑप्टिकल एडॅट इनपुट असेल तर बेहरिंगर एडीए८२००, त्यात आठ प्रीअँप, ४८ किलोहर्ट्झला आठही चॅनल एका केबलने जातात. नसेल तर बेहरिंगर एक्सआर१८ सारखा डिजिटल मिक्सर, १६ माइक प्रीअँप आणि यूएसबीवर १८ चॅनल. तो कार्यक्रमातही चालतो, त्यामुळे मंडळाने मिळून घेतला तर खर्च अंगावर येत नाही.

जत्रेत, देवळाच्या पटांगणात किंवा शिमग्यात ढोलांसमोर रेकॉर्ड करायचं असेल तर घरचा स्टुडिओ उचलून नेऊ नका. झूम एफ३ सारखा दोन एक्सएलआर असलेला, ३२-बिट फ्लोटवर चालणारा रेकॉर्डर दोन एए सेलवर चालतो आणि त्यात गेनचं बटणच नाही. ढोल अचानक कितीही वाजला तरी रेकॉर्डरमध्ये आवाज फाटत नाही. माइकची स्वतःची मर्यादा मात्र राहतेच.

जुना ॲनालॉग मिक्सर एखाद्या साउंडवाल्याकडे पडून असेल तर त्याचे प्रीअँपही उपयोगी येतात. इन्सर्टच्या (बाहेरचं यंत्र मध्ये जोडायच्या) भोकात साधा मोनो जॅक पहिल्या 'टक'पर्यंतच घाला. बहुतेक मिक्सरांत एवढ्याने तो चॅनल फेडरच्या आधीच बाहेर काढता येतो, आणि पुढचा सर्किटही तुटत नाही. ते टोक इंटरफेसच्या लाइन इनपुटला द्यायचं. वेगळा प्रीअँप, डीबीएक्स २८६एस सारखा, घेतलात तरी नियम तोच : एक्सएलआरच्या भोकातून आत दिलं तर सिग्नल दुसऱ्या माइक प्रीअँपमधून जाऊन फाटतो. जाड ६.३५ मिलिमीटरचा जॅक लावा आणि इंटरफेसवर 'लाइन' निवडा, 'इन्स्ट' (गिटारसारख्या वाद्याचं) नव्हे.

गेनचं बटण फिरवायचं की डिजिटल, यात कोकणात डिजिटलला झुकतं माप द्या. स्वस्त फिरत्या बटणात शेवटच्या दहाव्या हिश्शात पंधरा-वीस डेसिबल एकदम उडी मारतात, आणि खाऱ्या दमट हवेने दोनेक पावसाळ्यांत ते खरखरू लागतं.

बिल भारतातल्या वॉरंटीचं आहे का ते खरेदीआधी विचारा. बाहेरून आणलेला माल दोन हजारांनी स्वस्त असतो, पण दुरुस्तीची वेळ आली की मुंबई-पुण्याचं सर्व्हिस सेंटर बिल पाहूनच हात लावतं. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.

घरी आल्यावर दहा मिनिटांची तपासणी

एक नर एक्सएलआर कनेक्टर आणि १५० ओहमचा पाव वॅटचा मेटल फिल्म रेझिस्टर घ्या. कार्बनचा मिळाला तर पट्टे तपकिरी-हिरवा-तपकिरी. कनेक्टरची मागची टोपी उघडा, रेझिस्टरच्या तारा एक सेंटिमीटरवर कापा, पिन २ आणि ३ च्या वाट्यांत आधी थोडं सोल्डर भरा, मग तारा त्यात बुडवा. पिन १ मोकळी. टोपी घट्ट फिरवा. हा झाला नकली माइक, काहीही न ऐकणारा.

तो इनपुटला लावा. फँटम बंद, गेन पूर्ण, स्पीकर बंद, लॅपटॉप बॅटरीवर. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर तीस सेकंद रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये मधला भाग निवडून 'मेझर आरएमएस' (सरासरी पातळी मोजणारं साधन) चालवा. समजा -८२ आले. यात ३ मिळवा, कारण सॉफ्टवेअरचा आरएमएस पूर्ण साइनला -३ दाखवतो. मग कमाल इनपुट पातळी मिळवा आणि गेन वजा करा : -८२ अधिक ३ अधिक ९ वजा ५६, उत्तर -१२६. कागदावर ए-वेटेड -१२८ लिहिलेल्या यंत्राला हे शोभतं. -१२० आलं तर आधी स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती आवाज त्याचा आलेख, पाहा. ५० हर्ट्झला उभा खांब दिसला तर तो विजेचा दोष आहे, आवाजपट्टा सपाट असेल तर प्रीअँपचा. दुसऱ्या चॅनलवर हेच करा. दोघांत तीन डेसिबलहून जास्त फरक असेल तर यंत्र परत करा.

मग गेन सावकाश शून्यापासून टोकापर्यंत फिरवत ऐका. कुठे खरखर, कुठे उडी, ते आत्ताच कळलं तर बदलून मिळतं.

टेकच्या वेळचा गेन

'हॅलो, चेक' वर गेन लावला की गजरात फाटतो. बुवाला चढत्या लयीतला गजरच गायला सांगा, पखवाजीला त्याच वेळी वाजवू द्या. टोकं -१० डीबीएफएसच्या वर जाता कामा नयेत, सरासरी आपोआप -१८ ते -२० वर बसते. खरा टेक चालू झाला की मंडळी सरावापेक्षा नेहमीच जोरात गातात, म्हणून सगळं लावून झाल्यावर प्रत्येक चॅनल अजून ३ डेसिबल खाली घ्या. पेटीचा माइक भात्याच्या मागे नको, नाहीतर सुरांपेक्षा श्वास जास्त येतो. पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडाजवळ माइक एक वीत लांब ठेवा, धुम्याची खालची थाप जवळून घेतली की प्रीअँपच्या आधी माइकचा पडदाच दमतो.

पावसाळा

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि पत्र्याखालच्या खोलीत जून ते सप्टेंबर रेकॉर्डिंग करणं ही प्रीअँपची परीक्षा नसते, पत्र्याची असते. कौलांवर थोडं बरं. त्या महिन्यांत मिक्सिंग, संपादन करा.

यंत्रं मात्र सांभाळावीच लागतात. घट्ट झाकणाचा वीस लिटरचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात पाव किलो नारिंगी सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ५५ टक्क्यांच्या वर गेला, किंवा दाण्यांचा रंग बदलला, की ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास वाळवा. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. तांदूळ आणि मीठ यांच्या भानगडीत पडू नका.

कंडेन्सर माइकमधून कढईत तेल तडतडावं तसा आवाज येऊ लागला की लोक प्रीअँपला दोष देतात. बहुतेक वेळा कॅप्सूलवर ओल बसलेली असते. त्याच चॅनलवर डायनॅमिक माइक लावून पाहा. तडतड गेली तर प्रीअँप निर्दोष. कंडेन्सर दोन दिवस सिलिकाच्या डब्यात ठेवा, हेअर ड्रायर मारू नका, पातळ पडदा ताणला जातो.

एक्सएलआरच्या पिना सोन्याचा मुलामा असलेल्या घ्या, न्यूट्रिकचे एनसी३एमएक्सएक्स-बी आणि एनसी३एफएक्सएक्स-बी. चांदीचा मुलामा किनाऱ्यावर काळा पडतो आणि केबल हलवली की करकर येते. महिन्यातून एकदा प्रत्येक कनेक्टर पाच-सहा वेळा आत-बाहेर करा, घासून पातळ थर निघून जातो. काळेपणा राहिलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा. डब्लूडी-४० फवारू नका, त्याचं तेल धूळ धरून ठेवतं.

वळवाचे ढग जमले की यूएसबी, अडॅप्टर, माइक, लॅन केबल सगळं सोडवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, वीज बटणाला विचारून येत नाही.